गुरूचे पट्टे बदलताना कसे बघायचे: छोट्या दुर्बिणीवाल्यांसाठी

कुणालाही पहिल्यांदा दुर्बिणीतून गुरू दाखवा, चार चंद्र दिसले की वा वा होतं, मग गोळ्यावरच्या दोन तपकिरी रेघांकडे बघून "बरं, आता शनी दाखवा" येतंच. पण खरा माल त्या दोन रेघांतच आहे. २०१० मध्ये त्यातली एक रेघ चक्क गायब होती, म्हणजे गुरूच्या दक्षिणेकडचा तो जाडजूड पट्टा पांढऱ्या ढगांखाली पूर्ण झाकला गेला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका बारक्याशा पांढऱ्या ठिपक्यापासून सुरू होऊन काही महिन्यांत तो परत आला. हे सगळं हौशी लोकांनी घरच्या दुर्बिणीतून बघितलंय. तेव्हा गुरू एकदा बघून सोडून द्यायचा ग्रह नाहीये, तो परत परत बघायचा ग्रह आहे, आणि तो कसा बघायचा, काय लिहून ठेवायचं, कशाने फसायला होतं, ते जरा सविस्तर सांगतो.

दुर्बीण केवढी लागते

६०-७० मिमीच्या दुर्बिणीतून दोन मुख्य पट्टे आणि चंद्र दिसतात, हवा चांगली असेल तर पट्ट्यांची जाडी सारखी नाहीये हेही कळतं. १०० मिमीपासून पुढे बदल टिपता येतात. १५० ते २०० मिमी असेल तर मग वर्षानुवर्षं पुरेल इतकं काम आहे, त्यापेक्षा मोठी मिळाली तर चांगलंच पण नसेल तर रडत बसू नका, कारण बहुतेक रात्री मर्यादा आरशाची नसतेच, हवेची असते. साध्या दोन भिंगांच्या रिफ्रॅक्टरमध्ये, म्हणजे भिंगवाल्या दुर्बिणीत, गुरूभोवती जांभळट कड दिसेल, त्याचा रंगाच्या अंदाजावर परिणाम होतो एवढं लक्षात ठेवा, बाकी पट्ट्यांच्या कामाला तोही चालतो. डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या पेटीवर बसवलेली आरशाची दुर्बीण, असेल तर हाताने ढकलत राहावं लागतं, चालतं तेही, फक्त आयपीस (डोळा लावायचं भिंग) जरा रुंद फील्डचा, म्हणजे आकाशाचा जास्त भाग दाखवणारा, घ्या म्हणजे दर वीस सेकंदांनी ढकलायला नको.

मॅग्निफिकेशनच्या बाबतीत सगळे हावरट होतात. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो तेव्हा, त्याचा व्यास साधारण ४४ ते ५० आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद) असतो, म्हणजे फक्त ४० पटीला तो आयपीसमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसायला पाहिजे. हे कुणाला पटत नाही, कारण काळ्याभोर फील्डमध्ये तो बारकाच वाटतो, पण हिशोब तसाच आहे. १६० पटीला तो चंद्राच्या चौपट रुंद असतो, आणि तेवढा पुरतो. आरशाच्या दर इंचाला २५ ते ३० पट हे माप धरा, सहा इंचीला १५० ते १८०. त्याच्यावर गेलात की पट्टे मोठे होतात पण फिके पडतात, आणि आपल्याला तर त्या फिक्या-गडदातला फरकच बघायचाय. ३०० पट ज्यांना लावायची त्यांनी खुशाल लावावी, पट्ट्यांच्या कामासाठी मी तरी नाही सुचवणार.

हवा, आरसा आणि खुर्ची

दुर्बीण घरातून बाहेर आणली की निदान पाऊण-एक तास तशीच ठेवा. आरसा गरम असेल तर नळीतच हवा हलते आणि मग गुरू तापलेल्या रस्त्यापलीकडच्या गाडीसारखा लवलवत राहतो, लोक वैतागून दुर्बिणीला शिव्या देतात. मोठ्या आरशाला अजून जास्त वेळ लागतो. गच्चीचं काँक्रीट, समोरच्या इमारतीचं छप्पर, एसीचं बाहेरचं युनिट, यांच्यावरून गुरू बघायचा टाळा. गुरू आकाशात जितका वर तितकं बरं, क्षितिजापासून तीसेक अंशांखाली असताना बारीक तपशिलाची अपेक्षाच ठेवू नका.

कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत नीट जुळलेत का, ते दर वेळी तपासा, न्यूटोनियनवाल्यांनी (आरशांची दुर्बीण) तर नक्कीच. एखादा तारा फील्डच्या मधोमध आणून फोकस थोडा बाहेर काढायचा, कड्या एकात एक मधोमध बसल्या पाहिजेत, एका बाजूला सरकलेल्या दिसल्या तर आधी ते नीट करा. तारे मस्त टिमटिमत असतील तर रात्र सुंदर आहे पण गुरूसाठी नाही. उलट जरा धुरकट, मंद, वारा पडलेली रात्र, जी आकाशगंगा बघणाऱ्यांना अजिबात नको असते, ती गुरूवाल्यांची रात्र.

अजून एक, याचा फायदा फार कमी लोक घेतात: गुरूला अंधार लागत नाही. शहरातल्या उजेडाने काही फरक पडत नाही, आणि संध्याकाळच्या किंवा पहाटेच्या संधिप्रकाशात तर गुरू उत्तम दिसतो, त्याची चमक डोळ्यात घुसत नाही आणि पट्ट्यांचे रंग जास्त नीट कळतात. रात्री मोठ्या दुर्बिणीतून बघताना शेजारी एखादा साधा पांढरा दिवा चालू ठेवला तरी चालतो, खरं तर बरंच पडतं, डोळे अंधाराला सरावले की रंग ओळखायला कच्चे होतात.

आणि बसा. खुर्ची घ्या, स्टूल घ्या, काहीही घ्या पण बसून बघा. वाकून, मान वाकडी करून दोन मिनिटं बघणाऱ्याला दोन रेघा दिसतात, बसून वीस मिनिटं बघणाऱ्याला हवा मधूनच दोन-तीन सेकंद थांबते तेव्हा एकदम पट्ट्याची कड खडबडीत दिसते, गाठी दिसतात, निळसर शेपट्या दिसतात, आणि परत सगळं धूसर. त्या दोन-तीन सेकंदांसाठीच बसायचं असतं.

दिशा कुठली कुठे

इथे बरेच जण गोंधळतात कारण न्यूटोनियनमध्ये प्रतिमा उलटी असते, डायगोनल (प्रतिमा काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या रिफ्रॅक्टरमध्ये डावं-उजवं बदललेलं असतं. सोपी युक्ती अशी की ट्रॅकिंग, म्हणजे दुर्बीण आपोआप फिरवणारी मोटर, बंद करा, किंवा डॉब ढकलणं थांबवा, गुरू फील्डमधून ज्या बाजूला सरकत बाहेर जातो ती पश्चिम. गुरूवरचे ठिपकेसुद्धा गुरूच्या फिरण्यामुळे त्याच दिशेला सरकतात, नवीन गोष्टी उलट्या बाजूच्या कडेने वर येतात आणि पश्चिम कडेला मावळतात. त्यामुळे स्केच काढताना पश्चिमेकडचे तपशील आधी उरकायचे, ते हातचे जाणारे असतात. उत्तर-दक्षिण ओळखायला सरळ एखाद्या ग्रहदर्शक सॉफ्टवेअरमध्ये त्या वेळच्या चंद्रांच्या जागा बघा आणि आपल्या आयपीसशी जुळवा, किंवा मोठा लाल डाग, म्हणजे गुरूवरचं ते प्रचंड वादळ, समोर असेल तर प्रश्नच नाही, तो दक्षिणेला असतो.

कोण कोण आहे तिथे

गडद पट्ट्यांना बेल्ट म्हणतात, मधल्या उजळ पट्ट्यांना झोन. झोनमध्ये वर उंचावर अमोनियाच्या बर्फाचे पांढरे ढग असतात, बेल्टमध्ये तो वरचा थर विरळ असतो म्हणून खालचे तपकिरी ढग दिसतात. मधोमध उजळ विषुववृत्तीय झोन, त्याच्या उत्तरेला नॉर्थ इक्वेटोरियल बेल्ट म्हणजे एनईबी, दक्षिणेला साउथ इक्वेटोरियल बेल्ट म्हणजे एसईबी. हे दोघं म्हणजेच त्या दोन रेघा. त्यांच्या पलीकडे दोन्हीकडे बारीक टेम्परेट बेल्ट, एनटीबी आणि एसटीबी, आणि मग ध्रुवांकडचे करडे भाग. एवढी नावं पुरे, बाकीची आपोआप येतात.

एसईबी साधारणपणे रुंद असतो आणि पुष्कळदा मधून फिक्या रेघेने दोन भागांत विभागलेला दिसतो. त्याच्या दक्षिण कडेला एक खळगा असतो, त्यात मोठा लाल डाग बसलेला. फोटोत बघून बघून लोकांना तो टोमॅटोसारखा लाल अपेक्षित असतो, प्रत्यक्षात फिका नारिंगी किंवा सॅल्मन रंगाचा दिसतो आणि काही वर्षी तर डागापेक्षा त्याच्याभोवतीचा खळगाच आधी कळतो. डागाच्या मागच्या बाजूला, म्हणजे डाग पुढे गेला की त्याच्या मागोमाग येणाऱ्या भागात, एसईबी बऱ्याचदा खवळलेला असतो, पांढरे गोळे आणि वेडेवाकडे पट्टे. ती जागा नेहमी बघायची.

एनईबीच्या दक्षिण कडेवरून विषुववृत्तीय झोनमध्ये निळसर करड्या वाकड्या शेपट्या उतरलेल्या दिसतात, त्यांना फेस्टून म्हणतात. जिथून त्या निघतात ते निळसर गडद ठिपके म्हणजे ढगांतली मोकळी जागा, १९९५ च्या डिसेंबरमध्ये गॅलिलिओ यानाचं प्रोब अशाच एका जागेतून आत गेलं होतं. एनईबीच्या उत्तर कडेला कधी कधी लांबट गडद तपकिरी ठिपके असतात, त्यांना बार्ज म्हणतात, आणि सहा इंचीतून ते छान दिसतात. दक्षिणेकडे अजून खाली ओव्हल बीए आहे, १९३९-४० च्या सुमारास तयार झालेले तीन पांढरे ओव्हल १९९८ ते २००० या काळात एकमेकांत मिसळून हा झाला आणि २००६ मध्ये लालसर झाला. तो लहान दुर्बिणीत अवघड आहे, पण साधारण दर दोन वर्षांनी तो मोठ्या लाल डागाच्या खालून जातो तेव्हा डागाच्या खुणेने शोधायला सोपा पडतो.

आता बदल बघायचा म्हणजे नक्की काय

बदल वेगवेगळ्या वेगाने होतात आणि प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीने धरावं लागतं.

पहिला म्हणजे नुसतं फिरणं. गुरू दहा तासांच्या आत एक फेरी मारतो. दहा मिनिटांत ठिपका सरकलेला कळतो, अर्ध्या तासात तर चेहराच बदललेला असतो. हा काही हवामानातला बदल नाही, पण याचाच उपयोग करून बाकीचं सगळं मोजायचंय.

दुसरा, वेगवेगळ्या पट्ट्यांचा वेगवेगळा वेग. विषुववृत्ताजवळचे ढग ९ तास ५० मिनिटं ३० सेकंदांत फेरी मारतात, बाकीचे ९ तास ५५ मिनिटं ४१ सेकंदांच्या आसपास. पहिल्याला सिस्टम १ म्हणतात, दुसऱ्याला सिस्टम २. फरक पाच मिनिटांचाच, पण रोज साठत जातो, दिवसाला साधारण साडेसात अंश. म्हणजे आज मोठ्या लाल डागाच्या बरोबर वर असलेलं फेस्टून उद्या पुढे गेलेलं असतं आणि टिकून राहिलं तर साधारण ४७ दिवसांनी पूर्ण फेरी मारून परत डागाला गाठतं. हे स्वतःच्या स्केचमध्ये दिसायला लागलं ना की मग गुरू म्हणजे रेघा मारलेला गोळा हे डोक्यातून कायमचं जातं.

तिसरा बदल मोठा. एसईबी अधूनमधून पूर्ण फिका पडतो. १९७३, १९८९-९०, १९९२-९३, २००९-१० ला असं झालेलं आहे. पट्टा कुठे जात नाही, वर पांढऱ्या ढगांचा थर येतो. गंमत अशी की पट्टा फिका पडला की मोठा लाल डाग उलट जास्त उठून दिसतो, जास्त लाल. आणि मग पट्टा परत येताना एका ठिकाणी एकच लख्ख पांढरा ठिपका फुटतो, २०१० ला ९ नोव्हेंबरला फिलिपिन्समधल्या ख्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाला तो दिसला, आणि तिथून गडद ठिपक्यांच्या माळा दोन्ही बाजूंना पळत सुटतात, पट्ट्याच्या एका कडेला पुढे आणि दुसऱ्या कडेला मागे, कारण दोन्ही कडांवरचे वारे उलट दिशेचे असतात. काही आठवड्यांत सगळा गोल वेढला जातो. हे चालू असेल तेव्हा झोप विसरा.

एनटीबीचं अजून वेगळं. त्याच्या दक्षिण कडेवर गुरूवरचा सगळ्यात वेगवान वारा आहे, आणि काही वर्षांनी तिथे एक-दोन लख्ख पांढरे ठिपके फुटून तुफान वेगाने पळतात, सेकंदाला १६०-१७० मीटरच्या घरात, आणि मागे काळपट खुणांची रांग सोडत जातात. २००७, २०१२, २०१६, २०२० मध्ये हे झालं. ठिपके आठवडे दोन आठवडे टिकतात म्हणून ते चुकतात, पण त्यानंतर तो बारीक पट्टा ठसठशीत नारिंगी-तपकिरी होतो आणि ते लहान दुर्बिणीतूनही महिनोन् महिने दिसत राहतं.

चौथा, रंग. विषुववृत्तीय झोन एरवी पांढरा-मळकट असतो, २०१८-१९ मध्ये तो चांगला पिवळट झाला होता. रंग हा सगळ्यात फसवा भाग, त्यावर पुढे लिहितो.

वेळ मोजा, बाकी सगळं नंतर

मला विचाराल तर गुरूच्या निरीक्षणात एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. गुरूच्या मधोमध ध्रुवापासून ध्रुवापर्यंत एक उभी रेघ कल्पा, तिला मध्यरेखा म्हणू. एखादा ठिपका त्या रेघेवर आला की घड्याळात वेळ बघा, मिनिटापर्यंत. झालं, हे तुमचं ट्रान्झिट टायमिंग. एक मिनिट म्हणजे साधारण ०.६ अंश, म्हणजे दोन मिनिटं इकडे तिकडे झाली तरी चूक सव्वा अंशाची. काही हजार रुपयांच्या वायर मायक्रोमीटरची गरज नाही, डोळा आणि घड्याळ बस.

नेमकी वेळ कशी ठरवायची तर तीन वेळा नोंदवा, "अजून नाही पोचला" असं ठामपणे वाटतं ती शेवटची वेळ, "आता मधोमध" वाटतं ती, आणि "आता नक्की पुढे गेला" वाटतं ती पहिली वेळ. पहिल्या आणि तिसऱ्याचं मधलं काढा आणि दुसऱ्याशी पडताळा, सरावाने एक-दोन मिनिटांत जुळायला लागतं. वेळ नेहमी युनिव्हर्सल टाइममध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) लिहा, स्थानिक वेळेचा घोळ घालू नका, तारीखसुद्धा युनिव्हर्सलची. मग त्या वेळेचं मध्यरेखेचं रेखांश सॉफ्टवेअरमधून घ्या, विषुववृत्ताजवळच्या गोष्टींसाठी सिस्टम १, बाकीच्यांसाठी सिस्टम २. त्याच ठिपक्याची आठवडाभरात तीन-चार टायमिंगं मिळाली की ग्राफवर टाका, रेघ कलली म्हणजे ठिपका वाहतोय, किती कलली त्यावरून वेग.

मोठ्या लाल डागावर तर याचा फार सुंदर प्रयोग होतो. डागाची पुढची कड मध्यरेखेवर आली ती वेळ आणि मागची कड आली ती वेळ, दोन्ही नोंदवा. मधली मिनिटं गुणिले ०.६ म्हणजे डागाची लांबी अंशांत, आणि त्या अक्षांशावर एक अंश म्हणजे साधारण ११६० किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डाग साधारण ४०,००० किलोमीटर लांब होता, म्हणजे मध्यरेखा ओलांडायला त्याला जवळजवळ एक तास लागायचा. २०१४ ला हबलने मोजला तेव्हा १६,५०० किलोमीटर भरला, म्हणजे चोवीसेक मिनिटं. तुमचं घड्याळ आता किती सांगतं ते तुम्हीच बघा. डाग आक्रसतोय हे वाचायला लागत नाही, मोजता येतं.

डाग परत कधी दिसेल याचाही पाठ करून ठेवायचा हिशोब आहे. आज ज्या वेळी मधोमध होता, त्याच्या दोन दिवसांनंतर साधारण १ तास ३८ मिनिटं उशिरा परत मधोमध, कारण मध्ये पाच फेऱ्या झालेल्या असतात. पाच दिवसांनंतर बारा फेऱ्या होतात आणि तो ५२ मिनिटं लवकर येतो. हे दोन आकडे लक्षात ठेवले की ॲपशिवाय आठवड्याचं वेळापत्रक बनतं. ॲपमधल्या वेळा मात्र जरा जपून, डाग सिस्टम २ च्या हिशोबात सतत सरकत असतो आणि ॲपमधलं रेखांश जुनं असेल तर अर्धा-पाऊण तासाचाही फरक पडतो.

स्केच काढा, हात वाकडा असला तरी

चित्रकला येत नाही हे कारण चालणार नाही. गुरू गोल नाहीये, चपटा आहे, विषुववृत्तावर १,४२,९८४ किलोमीटर आणि ध्रुवांतून १,३३,७०८, म्हणजे साधारण १५ ला १४ हे प्रमाण. या मापाचे लंबगोल कागदावर आधीच छापून ठेवा, पाचेक सेंटिमीटर रुंदीचे पुरतात. आयपीसला बसलात की आधी मुख्य पट्ट्यांच्या कडा कुठे आहेत ते हलकेच टाका, हे दोन मिनिटांत झालं पाहिजे, आणि लगेच वेळ लिहा. मग दहा-पंधरा मिनिटांत तपशील भरा, त्याहून जास्त वेळ घालवलात तर डावीकडचं एका वेळेचं आणि उजवीकडचं दुसऱ्याच वेळेचं असं कडबोळं होतं. जे नक्की दिसलं तेच काढा. फोटोत बघितलेलं हात आपोआप काढायला लागतो, ही वाईट खोड आहे आणि जुन्या जाणत्यांनाही असते, म्हणून बसायच्या आधी त्या रात्रीचे दुसऱ्यांचे फोटो बघू नका.

पूर्ण चकती काढायचा कंटाळा असेल तर फक्त एक आडवी पट्टी काढा, समजा एसईबी आणि त्याच्या आजूबाजूचं तेवढंच, आणि गुरू फिरेल तसतशी पट्टी पुढे वाढवत न्या. दोन-तीन तासांत गुरूच्या मोठ्या भागाचा नकाशा तयार होतो. मला ही पद्धत चकतीपेक्षा जास्त आवडते.

गडदपणाला आकडा द्या. प्रत्येक पट्ट्याला ० ते १० मध्ये एक अंक. इथे एक भानगड आहे, अमेरिकन आल्पो संस्थेच्या मोजपट्टीत ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे सगळ्यात उजळ, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मोजपट्टीत बरोबर उलटं. कुठलीही एक घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी स्वतःचंच कळत नाही. शेजारी दुर्बीण, मॅग्निफिकेशन, फिल्टर आणि हवा कशी होती तेही. हवेसाठी अँटोनियाडीची १ ते ५ मोजपट्टी वापरतात, १ म्हणजे स्तब्ध, ५ म्हणजे घरी जा.

फिल्टर आणि कॅमेरा, थोडक्यात

फिल्टरने चमत्कार होत नाही. फिका निळा, ८२ए किंवा ८०ए, लाल-तपकिरी पट्टे आणि लाल डाग जरा गडद करतो. पिवळा किंवा नारिंगी लावला तर निळसर फेस्टून उठून येतात. एकच पट्टा निळ्यातून आणि नारिंगीतून बघून कुठे जास्त गडद ते लिहिलंत तर रंगाबद्दल नुसत्या डोळ्यापेक्षा खात्रीची माहिती मिळते. लहान दुर्बिणीला गडद फिल्टर लावू नका, उजेडच उरत नाही.

कॅमेऱ्यावर लिहायला बसलं तर वेगळा लेख होईल. फायरकॅप्चर या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ, ऑटोस्टॅकर्टमध्ये स्टॅक (चांगल्या फ्रेम एकावर एक रचणं), मग शार्पनिंग, हा क्रम सगळीकडे सापडेल. बदल टिपायच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच: गुरू फिरतोय, सहा इंचीतून दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर तपशील पुसले जातात, जास्त हवं असेल तर विनज्युपॉस या सॉफ्टवेअरमध्ये डिरोटेशन, म्हणजे गुरूच्या फिरण्याची भरपाई, करा. फाइलच्या नावातच युनिव्हर्सल टाइम टाका. आणि प्रोसेसिंग दर वेळी सारखंच ठेवा, एकदा शार्पनिंग फुल आणि रंग भडक, दुसऱ्यांदा सौम्य, मग पट्टा बदलला की तुमचा स्लायडर बदलला हे कुणी सांगायचं. एका कडेला जास्त शार्पनिंगने उठलेली खोटी रेघ हा तर कायमचा पाहुणा आहे.

व्हिडिओ डिलीट करायच्या आधी एकदा चाळून मात्र बघा. ३ जून २०१० ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली आणि ख्रिस्तोफर गो या दोघांच्याही व्हिडिओत गुरूवर काहीतरी आदळल्याची दोनेक सेकंदांची चमक सापडली होती. त्याच्या आदल्या वर्षी १९ जुलैला वेस्लीनेच साडेचौदा इंचीतून दक्षिण ध्रुवाकडे नवीन काळा डाग बघितला, तोही धडकेचाच.

कशाने फसायला होतं

काळाकुट्ट गोल ठिपका दिसला की धडक झाली म्हणून ओरडू नका, बहुतेक वेळा ती चंद्राची सावली असते. सावली शाईसारखी काळी आणि काठ स्वच्छ, आणि ती ढगांपेक्षा वेगळ्या वेगाने सरकते. कुठल्या चंद्राची सावली कधी आहे ते सॉफ्टवेअरमध्ये मिनिटभरात कळतं.

"काल पट्टा जाड होता, आज बारीक झाला" ही सगळ्यात कॉमन फसगत. काल रात्री तुम्ही गुरूची एक बाजू बघितली, आज दुसरी, आणि एसईबी सगळीकडे सारखा नसतोच. तुलना करायची तर मध्यरेखेचं रेखांश दोन्ही वेळी जवळजवळ सारखं पाहिजे, वीस-तीस अंशांच्या आत. वर दिलेला दोन दिवस आणि पाच दिवसांचा हिशोब इथेच कामी येतो.

रंग फसवतो, कारण गुरू खाली असताना हवाच त्याला पिवळट करते. शिवाय उजळ झोनच्या शेजारचा पट्टा आहे त्यापेक्षा गडद वाटतो. म्हणून रंगाबद्दल एका रात्रीवरून काही ठरवू नका, गुरू वर असताना तीन-चार वेगवेगळ्या रात्री तेच वाटलं तरच लिहा.

मोसमाचा हिशोब

प्रतियुती दर तेरा महिन्यांनी येते, १० जानेवारी २०२६ ची झाल्यावर पुढची फेब्रुवारी २०२७ मध्ये. लोक फक्त प्रतियुतीच्या आठवड्यात बघतात, त्याची गरज नाही, आधीचे तीन-चार आणि नंतरचे तीन-चार महिने गुरू व्यवस्थित मोठा असतो, सूर्याच्या पलीकडे असतानासुद्धा तो तीसेक आर्कसेकंदांचा असतो. आठवड्यातून दोनदा बसलात, एकदा डाग समोर असताना आणि एकदा डागाच्या उलट्या बाजूला, तर एका मोसमात दोन्ही बाजूंची चांगली नोंद जमते. नोंदी आणि फोटो ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा गुरू विभाग आणि आल्पो हे दोघंही हौशी लोकांकडून घेतात, लहान दुर्बिणीची टायमिंगंही.

युतीच्या, म्हणजे गुरू सूर्याच्या पलीकडे असतो त्याच्या, आसपास साधारण महिना-दीड महिना गुरू सूर्याच्या उजेडात बुडतो आणि निरीक्षण थांबतं. त्यानंतर पहाटे पूर्वेला परत दिसायला लागला की पहिल्या दोन-तीन पहाटे अजिबात सोडू नका, तो खाली असेल, हवा खराब असेल, तरीही. २००९ च्या अखेरीस एसईबी फिका पडायला लागला होता आणि २०१० च्या फेब्रुवारीतल्या युतीनंतर गुरू बाहेर आला तेव्हा पट्टा नव्हताच. तेव्हा त्या पहाटे आधी दोन्ही मुख्य पट्टे आहेत का बघा, मग त्यांची जाडी मागच्या मोसमाच्या शेवटच्या स्केचशी ताडून बघा, मग विषुववृत्तीय झोनचा रंग, मग एनटीबी. एवढं लिहून झालं की सूर्य वर यायच्या आत दुर्बिणीला टोपी लावा, उगवत्या सूर्याच्या बाजूला तोंड करून उघडी दुर्बीण ठेवणं चांगलं नाही.